पाच बोटांचा टाय

कोमो, ऑक्टोबर १९६३

आदरणीय आत्तिलिओकाका,

नेव्योचा गुडघे टेकून नमस्कार. (पेन पलंगाखाली गेलं होतं, तेव्हा तसेही टेकलेच होते.) तुमचं पित्त कसं आहे? कांदा सोडलात का?

कळवायचं ते असं, की रविवारी ओर्नेलाच्या घरी जेवून आलो. तिचे वडील, टायच्या कारखान्याचे मालक सिन्योर रावित्सा, तुम्हाला माहीत आहेतच. हल्ली टाय आक्रसत दोन बोटांवर आलाय, आणि रुंद टाय मिरवणाऱ्या जुनाट माणसाला मुलगी द्यायची नाही, असं ते चारचौघांत सांगून बसलेत. माझ्याकडे होता तुमचा जुना रेशमी, चांगला पाच बोटं रुंद (तुम्हीच मागे दिलेला). म्हणून बाजारातून एक अरुंद, झगझगीत टाय घेतला. रेशीम नव्हतं, पण एवढं कोण बघतंय?

इथेच फसलो. आपल्या गावात टायवाला माणूस हात मिळवण्याआधी समोरच्याचा टाय उलटा करून शिवण बघतो, हे मी प्रेमाच्या भरात विसरलो. "नायलॉन!" सिन्योर ओरडले. "पोरा, याची छत्री शिव!" मग त्यांनी मागचा सुटा धागा ओढला. हाताने शिवलेला टाय अशा वेळी चुण्या पडून पुन्हा सरळ होतो. माझा टरकन उसवला आणि अस्तरासकट ताटातल्या रिझोत्तोच्या भातात पडला. ओर्नेला रडायच्या बेतात, माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. लग्न मोडलं म्हणूनच समजलो.

शेवटी खिशातला तुमचा टाय काढून बांधला. (खिशात होता तो धीर यावा म्हणून.) सिन्योरनी तोही उलटा केला, धागा ओढला, सोडला. "रुंदी गेली खड्ड्यात! असा हात आता राहिला नाही. आणि शेवटच्या टाक्याला लाल गाठ! कुणी शिवला रे?" तेवढ्यात ओर्नेलाच्या आईच्या, चेझिराकाकूंच्या हातातून वाढायचा डाव निसटला. (लग्नाआधी त्याही टाय शिवायच्या.) मला मात्र त्यांनी दुसऱ्यांदा भरपूर वाढलं. लग्न ठरलं, काका! मी फार खूश आहे.

तुमचा,
नेव्यो

ता. क. टाय तुम्ही दिला नव्हता. ईस्टरला तुमच्या कपाटातून मी उचलला, रुमालात गुंडाळलेला होता. माफ करा.

ता. क. २. लग्नाला याच. फक्त सिन्योरनी विचारलं, तर टाय मिलानच्या दुकानातला म्हणा. मीही तेच सांगणार होतो, पण माझ्या आधी काकूच म्हणाल्या, "मिलानचा असेल!"

ता. क. ३. टाय परत पाठवता येत नाही. एक टाका सैल झालाय म्हणून काकूंनी ठेवून घेतला. (झाला नव्हता, मी बघितलंय.) मी निघताना त्यांनी हळूच विचारलं, "तुझे काका अजून एकटेच राहतात का?" मी हो म्हणालो.