रुग्णालयाचे पोलीस आणि माझी तीन मिनिटे

रवि., ७ नोव्हेंबर २०२१, ग्लेन वेव्हर्ली

दिवाळी संपली. या वर्षी घरी फराळ करावयाचा नव्हता. रीतीप्रमाणे शेजारच्या शोभाने डबा आणून दिला. माझी पत्नी सु. ज्या रुग्णालयात गेली, तेथेच ती इमर्जन्सीत नर्स आहे. मास्कचे वळ गालांवर तसेच. आत आली नाही.

"काका, आमच्या हॉस्पिटलचं कन्सल्टेशन चाललंय, लोकांची मतं मागवलीयत. स्वतःचे पोलीस नेमायचा अधिकार मिळावा म्हणून. नुसते गार्ड नाहीत, अटक करू शकणारे. तुम्ही शिकलेले आहात, चार ओळी लिहा ना बाजूने."

"वाचले आहे," असे म्हणालो. वाचलेले नव्हते.

चकल्या चांगल्या होत्या. सु.ला जाऊन आज सहासष्ट दिवस.

मंगळ., ९ नोव्हेंबर

त्या पोलिसांच्या प्रस्तावाचा मसुदा वाचला. चौदा पाने. पाचव्या पानावर एक चौकट आहे, उदाहरणादाखल: अखेरच्या अवस्थेतील रुग्णाच्या नातेवाइकाने प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षकास ढकलले, रक्षकाचे मनगट मोडले, रक्षकांना अटकेचा अधिकार नसल्यामुळे पोलिसांची पन्नास मिनिटे वाट पाहावी लागली.

नाव दिलेले नाही. तो नातेवाईक मी आहे.

दोनदा वाचले. मग टिपणाचा कागद काढला, तारीख घातली, आणि तो तसाच ठेवला.

गुरु., ११ नोव्हेंबर

आमच्या मराठी मंडळाच्या जोश्यांचा फोन. पुढील गुरुवारी रुग्णालयाची ऑनलाइन बैठक आहे. नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटे.

"सर, आपल्याइतका अधिकार कोणाचाच नाही. बायको वर शेवटचा श्वास घेतेय आणि हे लोक खाली नवऱ्याला अडवतात! आज गार्ड आहेत तर ही मिजास, उद्या कमरेला बेड्या लटकवून उभे राहतील. तुम्ही फक्त घडलं ते सांगायचं."

"सांगेन," म्हणालो.

जोश्यांचा दोष नाही. तेराव्याच्या दिवशी सर्वांसमोर स्क्रीनवर मीच म्हणालो होतो, "मला आत सोडले नाही." त्यावर नागपूरची वहिनी रडली. अमेरिकेतला मेहुणा म्हणाला, केस ठोका. मी मान खाली घातली आणि त्या सर्वांनी ते दुःख समजले.

म्हणजे मसुद्यात मी हल्लेखोर आणि मंडळात पीडित. दोघांनाही मी हवा आहे.

शनि., १३ नोव्हेंबर

येथे तरी लिहिले पाहिजे.

२ सप्टेंबर. सकाळी अकराच्या सुमारास वॉर्डातून फोन: श्वास बदलला आहे, निघा. माझा भेटीचा पास दुपारी चारचा होता. दारावर, तपासणीच्या तंबूपाशी, एक नेपाळी गृहस्थ, पन्नाशीचे, मास्क व वर प्लास्टिकची ढाल. यादीत नाव पाहिले. "सर, अभी के टाइम में नाम नहीं है. एक मिनट."

मी म्हणालो, "ए बहादूर, दरवाज़ा खोलो. वॉचमन हो, वॉचमन का काम करो."

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत फाटकावर नेपाळी मनुष्य होता. अकरा वर्षे. त्याला सगळे बहादूर म्हणत. त्याच्या आधीच्यालाही बहादूरच म्हणत. सु.ने एकदा त्याला खरे नाव विचारले होते आणि घरी येऊन मला सांगितलेही होते. मला ते आठवत नाही. या देशात येऊन एकोणीस वर्षे झाली, नागरिकत्वाची शपथ घेतली, आणि तोंडातून निघाले ते हे.

ते शांतपणे म्हणाले, "माय नेम इज ऑन द बॅज, सर." वळले. भिंतीवरचा फोन उचलून वॉर्ड लावला. मी ऐकले. "हजबंड इज हिअर. कॅन आय सेंड हिम अप?"

मी हे ऐकले, आणि ऐकूनही ढकलले. दोन्ही हातांनी, पाठीमागून. ते तपासणीच्या टेबलावर पडले. मनगट खाली आले. फोन दोरीला लोंबत होता आणि त्यातून कोणीतरी "येस, सेंड हिम" म्हणत होते.

नंतर पन्नास मिनिटे खुर्चीवर, दोन्ही बाजूंना एकेक गार्ड. पोलीस सौजन्याने वागले. त्या गृहस्थांनी तक्रार दिली नाही. सु. अकरा बत्तीसला गेली. नर्सने हात धरला होता म्हणे.

मला कोणी अडवलेले नव्हते.

सोम., १५ नोव्हेंबर

चि. निखिलला दुसऱ्या राज्यात, गिरावीनला, फोन केला. कोविडमुळे राज्यांच्या सीमा बंद असल्यामुळे आईला त्याने लॅपटॉपवरच निरोप दिला होता. आज त्याला सर्व सांगितले.

"बाबा, तुम्ही मागून ढकललंत?"

"होय."

"ओके. लुक, मीटिंगमध्ये काही बोलू नका. प्लीज. चार्ज करतील तुम्हाला. नोबडी नोज, बाबा."

"तुला कळले आहे."

"मला सांगायला नको होतं मग," असे म्हणाला, आणि लगेच, "सॉरी. जेवलात का?"

सायंकाळी कुंपणापाशी शोभा. त्या गार्डची चौकशी केली. कारण विचारील अशी भीती होती, पण तिने विचारले नाही.

"तिलकभाई? तिलक पौडेल. मनगट जुळलंय, पण मूठ आवळत नाही. दारावरून काढून कॅमेऱ्यांच्या खोलीत बसवलंय. पोखऱ्याला गणिताचे मास्तर होते. आमच्या शिफ्टला मुलांच्या वर्कशीट सोडवून देतात. पोलीस आले की कंत्राटी गार्ड कमी करणार आहेत, तेव्हा त्यांचं कठीणच. नव्या पदाला सिटिझन लागतो, ते अजून नाहीत."

"तरीही तुला पोलीस हवेत?"

"हवेत. गेल्या महिन्यात एकानं मास्क ओढून तोंडावर थुंकलं माझ्या. पॉझिटिव्ह होता. चौदा दिवस पोरीला काचेतून बघितलं मी. पोलीस कधी आले? तो पसार झाल्यावर. आणि तिलकभाईंना पाडलं त्याला तर काहीच झालं नाही. कोण असतात हो काका असली माणसं?"

तिला चहा हवा का, असे विचारले.

बुध., १७ नोव्हेंबर

भाषण लिहिले. घड्याळ लावून वाचले: तीन मि. चाळीस से. "मनोवस्था ठीक नव्हती" हा परिच्छेद गाळला. आता दोन मि. पन्नास.

पोलीस असावेत की नसावेत याविषयी माझे मत काय, हे शेवटपर्यंत ठरले नाही. पोलीस असता तर मी त्याला बहादूर म्हणालो नसतो, एवढे निश्चित ठाऊक आहे. बिल्ला पाहून गप्प राहिलो असतो. हे मत म्हणून मांडण्याजोगे नाही.

जोश्यांचा संदेश: "सर, मध्येच भरून आलं तर थांबू नका. इफेक्टिव्ह होतं ते."

गुरु., १८ नोव्हेंबर

बोललो.

इस्त्रीचा सदरा, टाय. स्क्रीनवर चाळीसेक चौकोन. चौथा क्रमांक माझा. म्हणालो की पाचव्या पानावरील नातेवाईक मी आहे. मला अडवण्यात आले नव्हते, श्री. पौडेल माझ्याचसाठी फोन करीत होते. मी त्यांना अपमानास्पद नावाने हाक मारली, व नंतर ढकलले. माझ्या उदाहरणावरून कोणत्याही बाजूने निष्कर्ष काढू नये, अशी विनंती केली.

जोश्यांचा चौकोन काळा झाला. शोभाचा चालूच होता. ती पाहत होती.

अध्यक्षबाईंनी एकच प्रश्न विचारला: त्या वेळी रक्षकाची पाठ तुमच्याकडे होती का?

"होय," म्हणालो. "पूर्ण पाठ." एवढ्यावर थांबावयाचे होते. पण मी पुन्हा म्हणालो, "त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून पाठ फिरवली होती." हे वाक्य मला आवडले होते.

त्यानंतर जेवलो. वरणभात दुसऱ्यांदा वाढून घेतला. सप्टेंबरपासून प्रथमच.

शुक्र., १९ नोव्हेंबर

जोशी: "सर, आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती. निदान आधी कल्पना द्यायची." मंडळाच्या ग्रुपवर शांतता, नंतर कोणीतरी त्रिपुरी पौर्णिमेचे चित्र टाकले. निखिल: "ऐकलं. ओके बाबा." शोभा दिसली, गाडी काढीत होती. हात केला नाही.

हे सर्व अपेक्षित होते. खरे तर सुसह्यही. दिवसभर एक प्रकारचे समाधान होते, ते आज येथे नोंदवून ठेवतो.

शनि., २० नोव्हेंबर

दुपारी अनोळखी क्रमांक.

"सर नमस्ते. तिलक पौडेल बोल रहा हूँ. शोभा सिस्टर से नंबर लिया."

उभा राहिलो. लिहून ठेवलेली क्षमायाचना शोधू लागलो, सापडली नाही, तशीच तोंडी मागितली. हाक मारली त्याबद्दल प्रथम.

"वो छोड़िए. वो तो हफ़्ते में कोई न कोई बोलता ही है. सर, एक बात पूछनी थी. आपने मीटिंग में बोला कि मेरी पीठ थी?"

"हाँ. वही सच है."

"सच है. पर रिपोर्ट में मैंने लिखा था कि मैं आपके सामने खड़ा था. हम लोगों की ट्रेनिंग में पहला नियम यही है, ग़ुस्से वाले आदमी को पीठ नहीं दिखानी. कैमरे में टेंट आड़े आ गया था, तो किसी ने पूछा नहीं. अब कंपनी पूछ रही है. मंगलवार को बुलाया है. बोलते हैं, ग़लती भी की और रिपोर्ट भी झूठी."

मी विचारले, तसे का लिहिलेत.

"पीठ लिखता तो सर, पुलिस ख़ुद केस बनाती. पीछे से मारना अलग होता है. और उस दिन आपकी मिसेज़ गुज़री थीं."

त्यांच्या मागे कोठे तरी कुकरची शिट्टी झाली.

"आपने अच्छा किया, सच बोला. मैं नाराज़ नहीं हूँ. बस एक बार मुझसे पूछ लेते."

अडीच महिने त्या मनुष्याने माझी लाज झाकून ठेवली होती, आणि मी ती चाळीस लोकांसमोर उघडी केली, तीही स्वतःचीच समजून. परवानगी न घेता. सुवाच्य अक्षरांत, घड्याळ लावून.

मी म्हणालो, मी लिहून देतो. माझी स्मृती चुकली, तुम्ही समोरच होतात, असे. वृद्ध आहे, लोक मानतील.

"फिर आप झूठे पड़ेंगे."

"चलेगा."

"और नहीं मानेंगे तो हम दोनों पड़ेंगे." जरा हसले. मग म्हणाले, "आप सोचिए, सर. जो भी लिखिए, इस बार भेजने से पहले मुझे पढ़कर सुनाइए. कल छह बजे मैं फ़्री हूँ."

रवि., २१ नोव्हेंबर

पाच वाजून दहा मिनिटे. मेजावर त्यांच्या कंपनीसाठी दोन पत्रे आहेत.

पहिल्यात त्यांची पाठ होती, ती का होती, व रुग्णालयाने असा मनुष्य दारावर का ठेवावा, हे लिहिले आहे. ते सत्य आहे. त्याने त्यांची नोकरी कदाचित जाईल. दुसऱ्यात ते माझ्यासमोर उभे आहेत. ते पत्र अधिक चांगले उतरले आहे, हेही नमूद केले पाहिजे. आयुष्यात प्रथमच खोटी साक्ष लिहिली आणि एकही खाडाखोड झाली नाही.

निखिलला विचारले. "आय डोंट नो, बाबा. तुम्हीच ठरवा." मग थोड्या वेळाने पुन्हा त्याचाच फोन: "नाही, तुम्ही नका ठरवू. त्यांना ठरवू द्या."

दोन्ही पत्रे इंग्रजीत होती. आता हिंदीत करून ठेवली आहेत, मोठ्याने वाचून पाहिली. हिंदीत माझी वाक्ये लहान होतात. मजकुरात प्रथम सवयीने 'तिलक जी' लिहिले होते. ते खोडून 'श्री. पौडेल' केले. मग वाटले, हेही त्यांनाच विचारावे.

पाच पंचावन्न. फोन लावतो. आधी कोणते वाचावे, तेही त्यांनाच विचारतो.