जाड ग्रंथातला होकार

चिमे,

तरुणपणी मला दूरच्या एका ग्रंथालयातून नोकरीचं पत्र आलं होतं. आई आजारी आहे, असं मनाशी म्हणत मी उत्तरच दिलं नाही. आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "घाबरलास तू, आणि नाव माझं पुढे केलंस!"

म्हणून मला संशय येतो. एमडीनंतर डोंगरापलीकडच्या इस्पितळात मिळणारी बालरोगतज्ज्ञाची जागा भरली, असं तू परवा म्हणालीस, तेव्हा तुझी नजर माझ्या काठीवर होती. आज नवजात बाळांवरच्या तुझ्या जाड ग्रंथात त्यांना लिहिलेला होकार सापडला. या घरात पुस्तकात काही लपवतात का, वेडे? पाकीट उघडं होतं. वाचलं, माफ कर. मुदत शनिवारी संपतेय.

तुला खरंच इथे राहायचं असेल, तर मी चुकलो. त्यांना फोन करून नाही म्हण. पण माझे गुडघे मध्ये आणू नकोस.

समोर बसून हे बोलायचा धीर नाही, म्हणून तू ड्यूटीवरून येशील तेव्हा मी वाचनालयात असेन. जेवण झाकून ठेवलंय.

पाकीट चिकटवून आत्ताच कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आलो. काठी न घेता. येताना दोनदा बसावं लागलं, पण आलो.

आजोबा