राजासमोर नव्व्यांची जोडी

१७ नोव्हें. ९६, रविवार
अक्षर वाकडं येतंय. डाव अर्धाच राहिला. धारवाडच्या थोरल्या काकू गेल्या, फोन दुकानातच आला. सगळ्या भावकीला सुतक. तेरावं होईपर्यंत पत्ते नाहीत आणि वाटणीचं नावही नाही. काकूंचं वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला.

चिकपेटचं साड्यांचं दुकान माझं की दत्ताण्णाचं, ते या डावावर. चुलतभाऊ आम्ही, दोघांचे वडील एकाच गादीवर बसले. हरेल त्याने जयनगरची नवी शाखा घ्यायची. माझी बायको शालू म्हणत होती, देवापुढे चिठ्ठ्या टाका. दत्ताण्णा म्हणाला, "चिठ्ठ्या म्हणजे पोरखेळ की रे. पत्त्यांवर होऊ दे." आणि मी, दिवाळीत चार डाव जिंकलेला शहाणा, हो म्हणून बसलो.

१८, सोम.
शालू बोलत नाही. स्वयंपाकघरात भांडी बोलतात.

खेळ मोहनने आणलेला. दत्ताण्णाचा धाकटा भाऊ, अमेरिकेहून आलाय. स्टड पोकर म्हणतात. दोन पानं पालथी, एक उघडं, मग एकेक करत आणखी चार. प्रत्येक वेळी सुपाऱ्या लावायच्या, ज्याच्या संपतील तो बाद. मोहनला दुकान नको, दोघांत रंगत नाही म्हणून बसला. तो जिंकला तर चिठ्ठ्याच.

माझी पानं: नव्वी उघडी, खाली एक नव्वी, एक चौकी. दत्ताण्णाचा राजा उघडा. त्याने सुपाऱ्यांचा ढीग पुढे सारला. मोहनने पॅक केलं, पानं पालथी करून बाजूला टाकली. माझी पाळी आली आणि फोन वाजला.

आता माझी पानं एका साडीच्या खोक्यात, दत्ताण्णाची दुसऱ्यात, कॅट तिसऱ्यात, मोहनने टाकलेली चौथ्यात. सुतळ्या बांधून तिजोरीत. पॅक केलं तर मूठभर सुपाऱ्या उरतात, पुढचं खेळणं नावापुरतं. खेळलो तर सगळ्या आत.

तीन पत्तीत नव्व्यांची जोडी आली असती तर छाती काढून बसलो असतो. इथे अजून चार-चार पानं यायची आहेत. त्याच्याकडे दुसरा राजा खाली असेल तर?

२०, बुध.
बसवनगुडीच्या अक्का आल्या होत्या, धाकटीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. थोरलीच्याही माझ्याकडूनच नेल्या होत्या. त्यांनी मोरपंखी मागितली तर मी डाळिंबी काढत होतो. "अण्णा, स्वल्प बसा तुम्ही. चेहरा बघा कसा झालाय." बसलो. जयनगरला मला कोण अण्णा म्हणणार? नव्या गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. या वयात पुन्हा पहिल्यापासून...

२२, शुक्र.
दाढी करताना आठवलं आणि ब्लेड लागलं.

मोहनने बसतानाच सांगितलं होतं, दुसऱ्यांची उघडी पानं बघा, गेलेलं पान परत येत नाही. त्याचं स्वतःचं उघडं पान काय होतं? मला आठवत नाही. काहीच आठवत नाही. दत्ताण्णाची मिशी हलली तेवढी आठवते, त्याने चष्मा वर केला ते आठवतं. जन्मभर तीन पत्ती खेळलो. तिथे सगळ्यांची पानं पालथी, बघायचं ते समोरच्याचं तोंड. इथे पान उघडं समोर पडलं होतं आणि मी तोंडं बघत बसलो. गाढव.

नव्वी होती का ती? काळं पान होतं एवढं वाटतं. असली तर कॅटमध्ये माझ्यासाठी एकच उरली.

२४, रवि.
राहवेना. मोहनला लालबागच्या फाटकाशी गाठलं. विचारू नये ते विचारलं.
"वासू, मी पॅक केलंय. पॅक केलेल्याने बोलायचं नसतं."
एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणजे नव्वीच. की सर्दीने डोळे तसे झाले होते त्याचे? घरी येईपर्यंत लक्षात आलं, मी पुन्हा तोंडच वाचत होतो.

२७, बुध.
दत्ताण्णा गादीवर, मान खाली, साडीची घडी घालत.
"वासू, सोडू या का हा डाव? मारुतीपुढे चिठ्ठ्या टाकू."
राजांची जोडी असलेला माणूस असं म्हणेल? म्हणजे नुसताच भपका होता. पण म्हणेलही. मला पोहायला शिकवताना यानेच हनुवटीखालचा हात शेवटपर्यंत काढला नव्हता. भीतीने म्हणतोय की मायेने, कसं कळायचं?
म्हटलं, "तेरावं होऊ दे." तो "सरी, तसं तर तसं" म्हणाला.

२९, शुक्र.
तेरावं झालं. जेवण गेलं नाही. रविवारी चारला दुकानात जमायचं.

१ डिसें., रविवार
शालू आज पहिल्यांदा नीट बोलली. "चिठ्ठी वाईट निघाली तर नशीब म्हणाल नि चार दिवसांत जेवायला लागाल. पत्त्यांत हरलात तर जन्मभर स्वतःला खाल. मी तुम्हाला ओळखते."

बरोबर आहे तिचं. म्हटलं, चिठ्ठ्यांना हो म्हणतो. तिने लगेच देवापुढे साखर ठेवली, माझ्या हातावरही दिली.

साखर तोंडात होती आणि मला कळत होतं की मी तसं म्हणणार नाही. दत्ताण्णा विचारेल, मी "पान वाट" म्हणेन. नव्वी येईल असं वाटतं म्हणून नाही. कुठल्यातरी पोराने उचललेल्या चिठ्ठीवर दुकान गेलं तर मी त्यात कुठे होतो? या जोडीत निदान मी आहे. चूक असेल. बहुतेक चूकच आहे. इतकी भीती वडील गेले तेव्हाही वाटली नव्हती, आणि ती दत्ताण्णाच्या राजाची नाही, माझी मलाच आहे.

पावणेचार. शालू इस्त्रीचा शर्ट घेऊन उभी आहे, खूश आहे. म्हणते, लवकर या, भजी करते.