फुलीची पानं

॥ श्री ॥
अंजूर,
दि. १२ डिसेंबर २००४

चि. ऋतिका हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आम्ही इकडे सुखरूप आहोत. नाशिकची थंडी वाईट, कान झाकून ड्युटीला जात जा. आधी चांगली बातमी देते. तुझ्या बहिणीचं, रुचिकाचं लग्न ठरलं, अखितीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त. तुझा बाप हिरामण काल काल्हेरहून मुद्दाम रिक्षा करून सांगायला आला. चहा घेण्याआधीच म्हणाला की लग्नाची गाणी म्हणायला धवलारीण दुसरी कोण आणायची न्हाय, आक्का गाईल तरच माझ्या पोरीला हळद लागेल. लहानपणी माझ्या पाठीमागे लपणारा भाऊ आता मला हुकूम सोडतो. बरं वाटलं मला.

आता डोक्याचं. दिवाळीत माझ्या बटव्यातली गोळ्यांची रिकामी पाकिटं तू मोजलीस आणि पत्रातही तेच धरून बसलीस. मग ऐक. परवा मानकोलीच्या लग्नात मांडवात बसायच्या आधी दोन गोळ्या घेतल्या, हळद लागल्यावर दोन. तरी उजव्या डोळ्यामागे ठणका लागलाच. व्हिडिओवाल्याचा दिवा तोंडावर आणि बेंजोवाले कानाशी. मांडवामागे जाऊन उलटी केली, चूळ भरली आणि येऊन उरलेल्या देवांना आवतण दिलं. बायका म्हणतात की जी गाण्यात देवांना बोलावते, तिच्या डोक्यावर त्यांचा भार येणारच. आईचंही असंच व्हायचं. आता सव्वीस वर्षांनी कुरकुर करून काय उपयोग.

रुचिकाच्या हळदीसाठी निदान चार गाणी शिकव, असं तू पुन्हा लिहिलंस. मी शिकवणार नाही. तो विषय परत काढू नकोस.

वेळेवर जेव. तू रागावलीस तरी माझी माया आहे तेवढीच राहील.

तुझी,
शेवंता आत्या


नाशिक,
दि. २३ डिसेंबर २००४

ती. आत्या हिस,
शि. सा. न. वि. वि.

रुचिकाचं कळलं. हॉस्टेलभर पेढे वाटून झाले, पैसे पप्पांकडून घेणार आहे.

तू रागावशील, तरी लिहिते. मी अजून नर्स झालेली नाही आणि डॉक्टर तर कधीच होणार नाही, त्यामुळे तुला काय झालंय ते मी सांगणार नाही. पण तू दुखण्याआधीच गोळी घेतेस, दुखलं की घेतेस, आणि लग्न नसलं तरी सकाळी चहाबरोबर घेतेस. हे बरोबर नाही. पप्पांना घेऊन ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. त्याआधी एक वही कर. रोजचं एक पान. ज्या दिवशी डोकं दुखेल त्या पानावर फुली मार, किती गोळ्या घेतल्या, काय खाल्लं, किती झोपलीस ते लिही. ती वही डॉक्टरांना दाखव. एवढं माझ्यासाठी कर.

दुसरं मनातलं. नऊ वर्षांची असताना मी तुझ्यामागे मांडवात बसून ओठ हलवत होते, तर तू माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलंस. तेव्हापासून मला वाटतं की माझ्या आवाजातच काही खोट आहे. तसं असेल तर स्पष्ट लिही. मला वाईट वाटेल, पण पुन्हा विचारणार नाही.

माझ्यावरचा लोभ, डोकं दुखत नसेल तेव्हा, थोडा वाढव.

तुझी,
ऋतिका


॥ श्री ॥
अंजूर,
दि. २४ जानेवारी २००५

चि. ऋतिका हिस आशीर्वाद.

उशीर झाला, कारण पेन धरवत नव्हतं. जाऊन आले ठाण्याला. तुझी वही बघून डॉक्टर खूश झाला, मला मात्र लाज वाटली. दोन आठवड्यांत अकरा फुल्या आणि गोळी नाही असा एकच दिवस. तो म्हणाला की दुखणं अर्धशिशीचं आहे, पण आता रोजचं दुखणं या गोळ्यांनीच ओढून आणलंय. त्या बंद करायच्या, आणि बंद केल्यावर आधी दोन-तीन आठवडे जास्तच दुखेल. हे त्याने आधीच सांगितलं ते बरं केलं, नाहीतर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. उलटीसाठी एक औषध दिलं, आणि अर्धशिशी येऊच नये म्हणून रात्री घ्यायची एक बारीक गोळी.

बारा दिवस मी अंधार करून पडून होते. रस्त्यावरच्या गोदामांच्या ट्रकांचे हॉर्न डोक्यात घुसत. माघात ठरलेली तीन लग्नं आत्ताच सोडली. त्यातल्या एका लग्नघरची पुतळाबाई म्हणाली की शेवंता आता मोठी झाली, तिला गाड्या पाठवायला लागतील. आता ठणका जरा उतरलाय, तर रात्रीच्या गोळीने तोंड कोरडं पडतं. काल गाऊन बघितलं, तर जीभ टाळूला चिकटली. म्हणजे डोकं सांभाळलं तर गाणं गेलं. रुचिकासाठी दुसरी धवलारीण बघायला हिरामणला सांगते. हे लिहिताना रडू आलं.

तुझ्या आवाजाचं विचारलंस. वेडी आहेस. तुझा आवाज माझ्या आईचा आहे. म्हणूनच तुला मांडवातून ओढून काढलं. आईने शेवटच्या दुखण्यात मला जवळ घेऊन सांगितलं होतं की गाणी घेशील तर हे डोकंही घ्यावं लागेल, दोन्ही बरोबरच येतात. मी घेतलं. वर्षभरात माझं डोकं सुरू झालं. ते मी तुला देणार नाही. गाणी माझ्याबरोबर संपली तरी चालतील.

माया तुझ्यावरच आहे, म्हणून नाही म्हणते.

तुझी,
आत्या


नाशिक,
दि. १ फेब्रुवारी २००५

ती. आत्या हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन हे लिहायला बसले.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. मला दोन वर्षांपासून अर्धशिशी आहे. आधी डोळ्यांपुढे चकाकणारी वाकडी रेघ येते, मग डाव्या बाजूला ठणका, मग उलटी. तुझ्या वहीची युक्ती माझी नाही, माझ्याच डॉक्टरांनी मला शिकवलेली आहे. पप्पा कॉलेज सोडायला लावतील या भीतीने घरी बोलले नाही.

आता तूच विचार कर. तू मला एक ओळ दिली नाहीस, मांडवातून बाहेर काढलंस, तरी डोकं आलंच. ते गाण्यातून येत नाही, आत्या. आजीला होतं, तुला आहे, मला आहे. ते आपल्या रक्तात आहे. माझ्या वाट्याला डोकं आलं आणि गाणी तेवढी आली नाहीत.

मी काय करते तेही सांगते. नाश्ता चुकवत नाही, नाइट ड्युटीनंतर पडदे ओढून पुरती झोपते, आणि दुखण्याची गोळी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घेत नाही. तरी महिन्यातून दोनदा येतंच. पण मी घाबरत नाही आता.

एक खरं सांग. डॉक्टरांनी तुला काय काम करतेस विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस? घरकाम म्हणालीस ना? मला खात्री आहे. परत जा आणि सांग की मी गाते. औषधं एकाच प्रकारची नसतात. कुठलं औषध काय करतं, काय बिघडवतं, ते विचार आणि मग ठरव. डोकं तुझं आहे.

रागावली असशील तर राग पत्रात पाठव, मनात ठेवू नकोस.

तुझी,
ऋतिका


॥ श्री ॥
अंजूर,
दि. २७ फेब्रुवारी २००५

चि. ऋतिका हिस आशीर्वाद.

दोन वर्षं लपवलंस, याबद्दल भेटलीस की एक धपाटा मिळेल. तुझं पत्र यांनी मला वाचून दाखवलं, कारण पहिल्या पानानंतर मला अक्षर दिसेना. आईवर रागावले मी. मग वाटलं, तिला तरी कोणी काय सांगितलं होतं. तिने आपल्या परीने जोडून घेतलं, मीही तेच केलं. माझं डोकं सुरू झालं ते थोरल्याच्या बाळंतपणानंतर, ते वर्षही तेच होतं. हे आता आठवलं.

घरकामच सांगितलं होतं. डॉक्टरासमोर गाणं म्हणायची लाज वाटली. परत गेले आणि सांगितलं की मी धवलारीण आहे, लग्नं लागतात माझ्या गळ्यावर. त्याने खुर्ची पुढे ओढली. म्हणाला की दुसरं औषध आहे, ब्लड प्रेशरचं, पण अर्धशिशी कमी करायलाही देतात. दमा असेल तर चालत नाही, कोणाकोणाला थकवा येतो, आणि मनाने एकदम बंद करायचं नाही. आधीचंच ठेवलं तर कोरडेपणा हळूहळू कमी होऊ शकतो, हेही सांगितलं. मला दमा नाही. म्हटलं, थकवा चालेल, बसूनच तर गाते. माझ्या नवऱ्याने तोंड उघडण्याआधी मी ठरवलं, हे विशेष लिहून ठेव.

डोकं गेलेलं नाही. जाणारही नाही, असं डॉक्टर म्हणाला. पण आता ते पाहुण्यासारखं येतं आणि जातं. हिरामणला बोलावून अटी घातल्या. माझी गाणी होईपर्यंत बेंजो बंद, व्हिडिओचा दिवा माझ्या तोंडावर नाही, आणि उपाशी मी बसणार नाही. तो म्हणाला की लोकं हसतील. मी म्हटलं की हसू दे. शेवटी हो म्हणाला.

शिकवण्याचं अजून काही बोलत नाही. तोवर आहे ती माया पुरवून वापर.

तुझी,
आत्या


॥ श्री ॥
अंजूर,
दि. २६ एप्रिल २००५

चि. ऋतिका हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

लग्नाआधी चार दिवस ये, सुट्टीचं आत्ताच बघ. रुचिका साड्यांवरून रोज रडते, तिला तूच गप्प करशील.

या पत्राबरोबर वही पाठवते आहे. पहिली वही डॉक्टरला दाखवून झाली, ही दुसरी, एक मार्चपासूनची. रोजचं एक पान, तू सांगितलंस तसंच. मार्चात नऊ फुल्या आहेत, एप्रिलात कालपर्यंत चार. पण कोऱ्या पानांचं काय करायचं ते तू सांगितलं नव्हतंस. डोकं दुखलं नाही त्या दिवशी लिहायचं काय? म्हणून एके दिवशी एक गाणं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. आईने मला तोंडीच दिली होती, कागदावर कोणी घेतली नव्हती. लिहिताना अडखळायला होतं. मग गाऊन बघायचं, मग लिहायचं. हे म्हणतात की दुपारी घरात लग्न लागल्यासारखं वाटतं.

चाल कागदावर येत नाही, ती समोर बसून घ्यावी लागेल. ये तेव्हा माझ्या पाठीमागे बसू नकोस, शेजारी बस. हळदीच्या दिवशी माझं दुखायला लागलं, तर मी आत जाऊन अंधारात पडेन आणि तू पुढचं म्हणशील. तुझं लागलं तर मी आहे. दोघींचं एकदम लागलं, तर बेंजोवाल्यांचं नशीब.

आता माझी माया तुला मागावी लागणार नाही, ती वहीतच बांधून पाठवली आहे. फक्त एक कर. फुलीच्या पानांवर गाणं नाही म्हणून ती फाडू नकोस. गाण्यांसारखीच तीही तुझ्या आजीपासून आलेली आहेत.

तुझी,
शेवंता आत्या