उजव्या खांद्यावरचा ब्रोच

३ मार्च

डेनी आला! चिखलाचे बूट घालून थेट संग्रहालयात, माझ्या टेबलापाशी. खिशातून रुमाल, रुमालातून ब्रोच. काशाचा, वर सोन्याचा मुलामा, सहावं शतक — बघताक्षणी कळलं. "त्या गूच शेतकऱ्याच्या बिटाच्या शेतात धातू शोधायचं मशीन वाजलं. नोंद करून टाक, पोरी." आणि चहाही न घेता पळाला. बाबांचा जिगरी दोस्त डेनी लार्टर, आणि चहाला नाही?

ब्रोच कुठेतरी पाहिलाय.

४ मार्च

पाहिलाय कसला — त्याचा जुळा माझ्याच कपाटात आहे! गेल्या उन्हाळ्यात टेकडीवर जिचं थडगं उघडलं, त्या बाईच्या डाव्या खांद्यावरचा. दोन्ही शेजारी ठेवले. एकच साचा. कारागीर नक्षीतल्या घोड्याचा मागचा पाय विसरला, तो दोन्हींवर विसरलेला.

त्या काळी बायका झगा दोन्ही खांद्यांवर ब्रोचने अडकवायच्या. हिच्या उजव्या खांद्यापाशी काहीच नव्हतं, पण त्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मात्र हिरवंगार, काशाच्या डागाने. तेव्हा मी सशांच्या बिळांवर खापर फोडून मोकळी झाले. ससे कसले! आमच्यातल्याच कोणीतरी उचलला.

ते थडगं खोदायला माझ्याशिवाय दोघंच होते, बाबा आणि डेनी. बाबा जानेवारीत गेले. उरला कोण? आता मन खात असेल, म्हणून शेताच्या नावावर परत आणला.

७ मार्च

जेवण जात नाही. जुन्या वस्तू शोधताना नांगरलेल्या रानात डोळे कुठे ठेवायचे, हे मला डेनीनेच शिकवलं. बाबांच्या शवपेटीला खांदा त्याने दिला. पण क्युरेटर मी आहे. गप्प बसले तर मीही चोर.

८ मार्च

त्याच्या घरी गेले. तो किटलीकडे तोंड करून उभा.

"डेनी, हा बिटाच्या शेतातला नाही."

"मग मशीन खोटं बोलतं म्हण."

"कबूल कर. मी सांभाळून घेईन."

"बापासारखीच हट्टी गं तू. शेत म्हटलं की शेत. लिही तसं."

माझा तोल गेला. चोर म्हणाले त्याला. तोंडावर! त्याने वळूनही न पाहता दोन कप काढले. मला त्याचा इतका राग आला, की निरोपही न घेता निघाले.

१० मार्च

पोलिसांना कळवलं. संशय कोणावर, विचारलं त्यांनी. डेनीचं नाव सांगितलं.

१२ मार्च

त्याला चौकीवर नेलंय. शेत, शेत, एवढंच म्हणतोय म्हणे.

१३ मार्च

डेनीची बायको मेव्हिस आली. बसली नाही. "तो तोंड उघडायचा नाही, म्हणून मी उघडते. तुझ्या आईने तुझ्या बापाचा कोट दिला ना ह्याला? त्याच्या अस्तरात होता तो ब्रोच. संग्रहालयाचा तो संग्रहालयात जावा, पण बापाची चोरी बाहेर पडली तर तुझी नोकरी जाईल, म्हणून शेताची थाप मारली त्याने. आणि तू —"

दार ओढून निघून गेली. बरोबरच.

आता पोलिसांना दुसरं नाव सांगायचंय. आडनाव माझंच.