शंकेचा पिवळा ट्रे

कोइंबतूर,
२९ नोव्हेंबर २०१९

चि. इनियन,

अक्काचे तुला आणि वनजाला आशीर्वाद, छोटीला गालगुच्चा. तुम्ही तिघं बेंगळुरूच्या थंडीत बरे असाल. इथे सगळं ठीक आहे. अम्मा बरी आहे. तिचा घसा बसलाय म्हणून ती फोनवर येत नाही, हे मी तुला सांगितलंच आहे. कार्तिकातला दिव्यांचा सण, दीपम्, जवळ आलाय, यंदा पणत्या मीच लावणार आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. "अक्का, मुद्दा काय?" म्हणून विचारतोस. आज मुद्दा नाही, राग आहे, आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागेल. मध्येच हात वर करून थांबवायची सोय कागदावर नाही.

परवा तुझ्या भाषणाची फिल्म आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये पडदा लावून दाखवली. चेन्नईच्या त्या बक्षिसासाठी केलेली. कोट तुला शोभतो. तू म्हणालास, कोइंबतूरच्या एका कुकरच्या कारखान्यात मी डिझाइन थिंकिंग नेलं, तपासणाऱ्या मुलींच्या मनात शिरलो, पिवळा ट्रे घडवला आणि वर्षभरात शंका शून्यावर आणल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे भाऊ बघा तुमचा. मी डबा उचलला आणि बाहेर जाऊन गुलमोहराखाली जेवले. जेवले कसली, चिवडत बसले.

मुलींच्या मनात शिरलास म्हणे. अरे, तू त्यांच्या खोलीत दोनदा शिरलास, तेही चहाच्या वेळी.

तो ट्रे कसा झाला हे तू मला कधी विचारलं नाहीस. तू आलास तेव्हा तो तयारच होता. आयत्या बिळात नागोबा. तेव्हा आता ऐक.

आमच्याकडे झाकणं तपासायला गावाकडच्या मुली आहेत आणि ती झाकणं कापणारे, भोकं पाडणारे सगळे पुरुष. मुली त्यांना अण्णा म्हणतात, ते त्यांना तंगच्ची म्हणतात, धाकटी बहीण. नियम असा होता की झाकण खराब वाटलं की त्याला लाल चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर ते करणाऱ्याचं नाव लिहायचं. आता तूच सांग, ज्याला अण्णा म्हणतो, जो पावसात आपल्याला बसपर्यंत छत्री देतो, त्याच्या कामाला चारचौघांत लाल चिठ्ठी कोण लावेल? लाल चिठ्ठ्या कुणी लावतच नव्हतं. मुली वाईट झाकण गुपचूप चळतीच्या तळाशी सरकवायच्या आणि पुढच्या पाळीवर सोडून घरी जायच्या. पुढच्या पाळीच्या मुलीही तेच करायच्या. वरच्या ऑफिसात मात्र गुणवत्तेचे तक्ते हिरवेगार.

मी गुणवत्ता अधिकारी. ऑफिसातली खुर्ची सोडून मी त्या मुलींच्या शेजारी स्टुलावर बसले. पहिले काही दिवस त्या माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. मग मीही झाकणं तपासायला लागले आणि माझ्या चुका बघून त्या हसायला लागल्या, तेव्हा कुठे तोंडं उघडली. तेव्हा मला कळलं की या मुलींना दोष सांगता येत नाही, पण मदत मागता येते. धाकट्या बहिणीने "मला समजत नाही, जरा बघता का" म्हटलं की कुठलाही अण्णा उठून येतो. म्हणून लाल चिठ्ठी काढून टाकली आणि पिवळा ट्रे ठेवला. त्यावर लिहिलं, "अण्णा, जरा बघा." नाव नाही, तारीख नाही. जेवणाआधी अण्णांनी यायचं, ट्रेमधली झाकणं मुलींबरोबर बघायची, चांगली असतील तर हसून परत द्यायची, खराब असतील तर आपली आपण घेऊन जायची. पहिल्या महिन्यात ट्रे ओसंडून वाहिला आणि मालक घाबरले. मी म्हटलं, खराब माल आधीही होता, आता तो दिसतोय इतकंच.

मग सल्लागार म्हणून तू आलास. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्यास, सगळ्यांना मार्कर दिलेस, भजी मागवलीस. मला तेव्हा कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण जाताना तू ट्रेच्या वर पाटी लावून गेलास. कुणी किती शंका काढल्या, कुणाच्या झाकणांवर निघाल्या, सगळ्यांची नावं. ज्या गटाच्या शंका सर्वांत कमी, त्यांना तारा आणि स्टीलचा डबा. लाल चिठ्ठीच होती ती, फक्त आता भिंतीएवढी.

मी तुला जिन्यात थांबवून म्हटलं होतं, "इनियन, हे मोजू नकोस. मोजलंस की मुली पुन्हा गप्प होतील."

तू घड्याळ बघत म्हणालास, "अक्का, तुझा ट्रे हा चांगला जुगाड होता. पण त्याची सिस्टीम मी केली."

जुगाड. त्या शब्दाने मी आठवडाभर पेटले होते. वनजाला विचार, मी तिला फोनवर काय काय बोलले ते.

आता पोन्मणीबद्दल. अन्नूरहून येणारी, गोल चेहऱ्याची, सतत बडबडणारी, ती. फार हुशार आहे असं मी म्हणणार नाही. शंका काढणं हा तिचा स्वभाव आहे. कँटीनच्या सांबारावर शंका, बसच्या वेळेवर शंका, मी लग्न का केलं नाही यावरही शंका. तिने ट्रेमध्ये टाकलेली निम्मी झाकणं चांगलीच निघायची. पण ट्रे त्यासाठीच होता रे. चुकीची शंका काढायला भीती वाटली की बरोबर शंकाही पोटातच राहते. तुझ्या पाटीवर पोन्मणीचं नाव सगळ्यात वर गेलं आणि ते तसंच राहिलं. तिच्या गटातल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं, कारण तिच्यापायी डबे हुकत होते. ज्या अण्णांनी तिला सख्ख्या बहिणीसारखं वागवलं, ते ट्रेकडे फिरकेनात.

दीपावलीच्या आधी भोकं पाडायच्या मशीनला नवीन हत्यार लावलं. पोन्मणी म्हणायला लागली की सेफ्टी व्हॉल्व्हच्या भोकाची कड बोटाला बोचते. रोज ट्रे भरून ठेवायची. सुपरवायझर सौंदरराजन म्हणाला की हिचे डोळे गेलेत आणि डोकंही. महिना संपत आला होता, पाटीवर शून्य हवं होतं, तुझे लोक फोटो काढायला येणार होते. त्याने ट्रे उचलला, सगळी झाकणं चांगल्यांच्या चळतीत ओतली आणि पोन्मणीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी त्या दिवसांत माल देणाऱ्यांकडे होसूरला होते. परत आले तेव्हा ती गेलेली होती आणि शून्याचा फोटो निघालेला होता. मी भांडले, पण सणापुढे कुणाला ऐकायचं होतं?

तुझ्या भाषणातलं शून्य ते हे.

त्या दीपावलीला कारखान्याने सगळ्यांना मिठाईबरोबर एकेक कुकर दिला. त्याच मालातला.

इनियन, अम्माचा घसा बसलेला नाही.

बारा तारखेला सकाळी तिने सांबारासाठी डाळ लावली होती. शिट्टीत डाळ अडकली. अशा वेळी व्हॉल्व्हने सुटायचं असतं, तेवढ्यासाठीच तो असतो. तो सुटला नाही. शिट्टी का होत नाही म्हणून अम्मा वाकून बघायला गेली आणि झाकण उडालं. उजवा हात, खांदा, मान, सगळं भाजलं. डोळा वाचला, डॉक्टर म्हणतात देव पावला. दुसऱ्या दिवशी मांडीची कातडी काढून हाताला लावली. तू फोन केलास तेव्हा मी दवाखान्याच्या गॅलरीत होते, आत पट्टी बदलताना तिने ओरडू नये म्हणून तिला तोंडात पदर धरायला दिला होता. तू विचारत होतास, बक्षीस समारंभाला अम्मा कुठली साडी नेसेल.

तिनेच मला शपथ घातली होती. म्हणाली, "त्याला सांगू नकोस, त्याचं चांगलं चाललंय. झाकण मीच नीट लावलं नसेल." भाजलेल्या हाताने ती स्वतःलाच दोष देतेय. कारखान्यातल्या मुलींचंही हेच. पोन्मणीला मी भेटायला गेले तर तीही म्हणते, माझेच डोळे कमी पडले असतील अक्का. या बायकांना कुणी शिकवलंय हे, की चूक झाली तर ती आपलीच? आणि तू त्याच्यावर पाटी लावतोस. मला इतकी चीड आलीय की लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय.

घरातलं झाकण मी कारखान्यात नेऊन कापलं. भोकाच्या आतल्या बाजूला धातूची कड उभी राहिली होती, तिने व्हॉल्व्ह धरून ठेवला होता. ते दोन तुकडे मी मालकांच्या टेबलावर ठेवले. ते वाईट माणूस नाहीत, भित्रे आहेत. पोंगलच्या विक्रीचा माल त्यांनी थांबवला, कामगारांचे कुकर परत मागवले. पण पोन्मणीला परत घ्या म्हटल्यावर म्हणाले, "पूंगोदैअम्मा, तिला घेतलं म्हणजे ते शून्य खोटं होतं असं होईल. तुमचे भाऊ तसं म्हणत असतील तर मला अडचण नाही." वड्याचं तेल वांग्यावर काढायला सगळेच पटाईत.

पोन्मणी सध्या अन्नूरला केळ्याच्या वेफर्सच्या दुकानात पाकिटं भरते. घरी म्हातारा सासरा, दोन मुलं, नवऱ्याचं काम कधी आहे कधी नाही. मी स्कूटर घेऊन गेले. चल म्हटलं. तिने हात पुसले आणि पहिल्यांदाच कमी बोलली.

"अक्का, मी येईन. पण त्या पाटीखाली बसणार नाही. पाटी लावली त्यांनी माझ्यासमोर काढावी."

मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं. म्हणून मी तिला हो म्हणून आले. तुला न विचारता तुझ्या वतीने हो म्हटलं, मोठ्या बहिणीचा तेवढा हक्क आहे.

शनिवारी सकाळी, सात तारखेला, मालकांच्या खोलीत सगळे जमणार आहेत. सौंदरराजन असेल, झाकणांच्या गटातल्या सगळ्या मुली असतील, अण्णा असतील. पोन्मणी असेल. तू ये. येऊन सांग की ते शून्य खोटं होतं आणि शंका काढणारी बाई खरी होती. चेन्नईच्या लोकांनाही तूच कळव. मी त्यांना एक अक्षर लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही, कारण ते काम तुझं आहे. मग दवाखान्यात जा आणि अम्माला सांग की झाकण तिने नीटच लावलं होतं. माझ्याकडून ते तिला पटत नाही. तुझ्याकडून पटेल, तिचा तुझ्यावर फार विश्वास आहे.

बक्षीस जाईल. कदाचित पुढची कामंही जातील. मला त्याचं वाईट वाटतं, तू धाकटा आहेस, मी तुला कडेवर घेऊन फिरवलंय. पण पोन्मणीचं काम आधीच गेलंय आणि अम्माच्या हाताची तीन बोटं आता मिटत नाहीत.

तुझ्यासाठी एक खुर्ची पोन्मणीच्या शेजारी ठेवायला सांगितली आहे. तू आला नाहीस तर ती मी तशीच रिकामी ठेवीन आणि कुणाची आहे ते सगळ्यांना सांगेन. नुसतं इनियन नाही म्हणणार. आपल्या दोघांच्याही नावाआधी अप्पांच्या नावाचं जे एकच आद्याक्षर लागतं, ते लावून पूर्ण नाव घेईन.

तुझीच,
अजूनही तुझीच,
पूंगोदै अक्का