रिव्हर्सशिवाय दरेकसा

१० मार्च.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आईला सगळं स्वच्छ दिसतंय. आज दूधवाल्याला म्हणाली, तुला मिशा आहेत होय. आता तिला माहेरच्या, दरेकसाच्या रस्त्यावरचं कुसुमाचं झाड बघायचंय. नवी पानं लालभडक येतात, आठ-दहा दिवसांत हिरवी होतात. २५ला माझा भाऊ भूपेंद्र येऊन तिला आपल्या घरी, सडक अर्जुनीला नेणार. भरपूर वेळ आहे. गाडी मीच चालवणार. लायसन्स जानेवारीतच मिळालंय.

११ मार्च.
ह्यांनी विचारलं, रिव्हर्स जमतो का. म्हटलं, दरेकसा पुढे आहे, मागे नाही.

१४ मार्च.
आज निघणारच होते. पण गाडीचं तोंड पोर्चच्या भिंतीकडे. ऑफिसला जाण्याआधी ह्यांनी ती वळवून ठेवायला हवी होती. शिवाय ऊन.

१७ मार्च.
भाजीवाल्या धुरपताबाई दरेकसाहून ट्रेनने येतात. म्हणाल्या, कुसुम लाल होऊन राहिला जी, तुमी काऊन येऊन नाही राहिल्या? मायले मी नेतो ट्रेननं. नको म्हटलं. ट्रेनने कुणीही जातं.

२० मार्च.
प्रॅक्टिस. परतताना आपलं गेट थोडं मागे राहिलं. गाडी मागे घेण्यापेक्षा फुलचूर गावापर्यंत राउंड मारला. तीनदा. कंट्रोल उत्तम.

२३ मार्च.
आईने बॅग भरायला घेतली. म्हणाली, राहू दे गं, पुढच्या वर्षी बघू. मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली. उद्या नक्की.

२४ मार्च. सकाळी १०.२०
दरेकसा फक्त चार किलोमीटर! (ह्यांनी पहाटेच गाडी वळवून ठेवली होती.) आईला पाणी हवं म्हणून मोहाच्या सावलीत थांबले. खालची जमीन इतकी झाडून स्वच्छ, जणू पार्किंगच.

१०.४०
पार्किंग नाही. फागू नावाचे म्हातारे टोपली घेऊन आले. म्हणाले, बाई, मोहा वेचाले झाडून ठेवलं मी, अन् तुमी फुलं चाकाखाली दाबून राहिल्या. मांगं घ्या.
समोर खोड.

१०.५५
मागे घेतली. ती पुढे गेली. खोडाला काही झालेलं नाही. फागूंच्या बायकोने, फुलवंताने, विचारलं, बाई, हे लायसन कोन देते?
आई मात्र खाली बसून तिच्यासोबत फुलं वेचतेय. एकेक फूल दिसतं म्हणे. दोघी त्यांच्या बोलीत खिदळतायत. माझ्या घरी ती इतकी बोलली नव्हती.

संध्याकाळी ५.००
गाडी मोहाखालीच राहिली. फागूंनी ऑटो बोलावून दिला. त्यातून दरेकसा स्टेशन, मग ट्रेनने घरी. ऑटोत आई बाहेर कुसुमाकडे बोट दाखवून सारखी म्हणत होती, बघ, बघ. गाडी वळवायला रस्त्यात कुठे कुठे जागा होती, ते मी मोजत होते. सात ठिकाणी होती.

२५ मार्च.
ह्यांनी जाऊन गाडी आणली. रिव्हर्समध्ये सरळ पोर्चमध्ये. उगाच शायनिंग. बंपर किरकोळ. टपावर मोहाची वाळलेली फुलं.
रिव्हर्स एप्रिलमध्ये शिकणार. एप्रिलमध्ये ऊन असतं. जूनमध्ये.
भूपेंद्रच्या गाडीत बसताना आई म्हणाली, पुढच्या वर्षी ट्रेननेच जाऊ बाई. तुझं बघायचं राहून गेलं.
म्हटलं, बघितलं की. लाल होतं.